इतिहास विभागासाठी साधनसूची : ग्रंथालयातल्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२५

इतिहास विभागाबरोबर बैठक, आमच्याच वाचनकक्षात. विभागात तिघं. विभागप्रमुख सर मराठेशाही शिकवतात, मॅडम आधुनिक महाराष्ट्र, आणि नव्याने रुजू झालेल्या तरुण सरांची पीएच.डी. १९४२च्या चळवळीतल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारवर चालू आहे.

प्राचार्यांना नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) ‘इतिहासाच्या ई-संसाधनांची यादी’ हवी आहे. ती अर्ध्या तासात होते. एन-लिस्ट, शोधगंगा, नॅशनल डिजिटल लायब्ररी, अभिलेख पटल, इंटरनेट अर्काइव्ह, सगळ्यांचे लोगो ओळीने लावायचे की काम झालं. फाइलला लागेल आणि फाइलमध्येच राहील.

विभागप्रमुख सर म्हणाले, “पेशवे दफ्तर नेटवर आहे हे मलाही ठाऊक आहे हो. पंचेचाळीस खंडांत मला हवा तो कागद कुठे आहे, तेवढं कळलं तर निम्मं काम होईल.” मॅडमचा प्रश्न वेगळा. वर्गात एका तासात वाचून होईल असा अस्सल कागद त्यांना हवा असतो आणि तो शोधण्यात त्यांचा रविवार जातो. तरुण सर गप्पच होते, निघताना हळूच म्हणाले की मुंबईला पुराभिलेखागारात जायचंय, पण तिथे जाऊन नेमकं मागायचं काय?

यादी नको, वाट दाखवणारी सूची करू, असं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

१९ जून

आपल्याकडे काय आहे ते आधी बघितलं. आमच्या शिपाईमामांनी शिडी लावून वरचे दोन खण रिकामे केले. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बरेच खंड आहेत (एकूण २२, पहिला १८९८चा). सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे (पेशव्यांच्या दफ्तरातल्या निवडक कागदांचे) खंड, १९३० ते १९३४ या काळातले, पूर्ण संच नाही. गणेश चिमणाजी वाडांनी काढलेले पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे, सुटे. कॅम्बेलच्या गॅझेटिअरचे पुणे आणि सातारा हे खंड (१८वा आणि १९वा, दोन्ही १८८५चे) पुनर्मुद्रित. भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी इतिवृत्तं आणि त्रैमासिकाचे अंक, बांधलेले.

धूळ इतकी की मामा दुपारनंतर मास्क लावून आले.

२४ जून

ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर) ‘इतिहास संशोधक मंडळ’ टाकलं आणि प्रकाशनवर्षाप्रमाणे लावून पाहिलं. पहिलीच नोंद : वार्षिक इतिवृत्त, प्रकाशन १८३५.

मंडळ स्थापन झालं १९१० साली. १८३५ साली राजवाड्यांचा जन्मही झाला नव्हता. पुस्तक काढून मुखपृष्ठ बघितलं तर तिथे ‘शके १८३५’ छापलंय, म्हणजे इसवी १९१३-१४. काही वर्षांपूर्वी संगणकीकरणाचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं. त्यांच्या मुलांनी जो चार अंकी आकडा दिसला तो भरला. ‘शके’ हा शब्द गाळला.

मग शोधायलाच बसले. १७०० ते १८६० या काळातलं म्हणून नोंदलेलं जे जे मराठी पुस्तक निघालं ते एकेक उघडून पाहिलं. पोथ्यांच्या छापील आवृत्त्या, निर्णयसागरची पंचांगं, संतचरित्रं. जवळजवळ सगळी शके. आमच्या ओपॅकवर विश्वास ठेवला असता तर मराठी मुद्रणाचा इतिहास नव्याने लिहावा लागला असता!

दुरुस्तीची पद्धत अशी ठरवली : मुखपृष्ठावर जे छापलंय ते जसंच्या तसं, पुढे चौकटी कंसात इसवी सन, ‘शके १८३५ [१९१३-१४]’. शिवाय कोहाचा (आमच्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरचा) शोध ज्या ठरलेल्या जागच्या चार अंकांवर चालतो (००८ हे क्षेत्र) तिथेही इसवी सन भरायचा, नाहीतर वरून नीट दिसतं आणि गाळणी लावली की पुस्तक पुन्हा अठराव्या नाहीतर एकोणिसाव्या शतकात जाऊन बसतं.

शके अधिक ७८. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तारीख १ जानेवारीनंतर पडत असेल तर अधिक ७९. हे चिठ्ठीवर लिहून मामांच्या टेबलाला चिकटवलं. आता मामा माझ्याआधी सांगतात.

३ जुलै

विभागप्रमुख सरांबरोबर पेशवे दफ्तर. या खंडांची खोड अशी की ते कालक्रमाने एकामागून एक येत नाहीत. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपत प्रकरणाचा, पुढे मागच्या काळावर पुरवण्या. एकाच वर्षाची पत्रं वेगवेगळ्या खंडांत विखुरलेली. प्रत्येक पत्रावर इंग्रजीत दोन ओळींचा सारांश आहे, तीच आमची किल्ली. सारांशावरून प्रत्येक खंडाचं एक पान करायचं : काळ कुठून कुठे, मुख्य माणसं, मुख्य ठिकाणं, अभ्यासक्रमातल्या कुठल्या घटकाला उपयोगी. पत्रांची पूर्ण सूची करण्याइतकं मनुष्यबळ आमच्याकडे नाही. एक पान पुरे.

पुण्याच्या दफ्तरखान्यात जे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत त्यांच्या मानाने हे ४५ खंड म्हणजे चिमूटभर, हे सरांनी तीनदा सांगितलं. त्यांना ते प्रत्येक वर्गातही सांगायचं असतं. निवड सरदेसाईंची आहे, त्यांना राजकारणात रस होता, म्हणून राजकारणाचे कागद जास्त आले. जमाखर्च, वतनाचे तंटे, बाजारभाव यांसाठी वाडांच्या रोजनिशीकडे जायचं आणि त्यापुढे थेट रुमालाकडे. सूचीच्या पहिल्या पानावर हेच लिहायचं ठरलं.

११ जुलै

तारखांचं कोष्टक. या प्रकल्पातलं सगळ्यात रंगलेलं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

एम.ए.च्या मुलांना छापील पत्र वाचता येतं, तारीख वाचता येत नाही. पत्राखाली असतं ‘छ ७ जमादिलाखर, इहिदे सितैन मया व अलफ’. यात चंद्राची तिथी (म्हणून ‘छ’) आणि महिना हिजरी, पण वर्ष सुहूर सनाचं, तेही अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने : इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६१. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत अधिक ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत अधिक ६००. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचं साल.

मुलं अडखळतात ती जोड्यांमध्ये. सीत सहा, सितैन साठ. सबा सात, सबैन सत्तर. समान आठ, समानीन ऐंशी. तिसा नऊ, तिसैन नव्वद. ‘सबा सितैन’ म्हणजे सदुसष्ट, आणि ते कुणीतरी सत्तर आणि साठची बेरीज करून एकशे तीस काढतं.

याहून मोठा खड्डा ‘मया’चा. ‘सबैन व अलफ’ म्हणजे १०७०, इसवी १६६९-७०, शिवाजी महाराजांचा काळ, सिंहगड त्याच वर्षातला. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७०, इसवी १७६९-७०, थोरले माधवराव. एक शब्द नजरेतून सुटला की कागद शंभर वर्षं सरकतो. आणि पुष्कळ पत्रांत लिहिणाराच शतक गाळतो, नुसतं ‘इहिदे सितैन’ लिहून मोकळा होतो. त्याला आणि वाचणाऱ्याला शतक ठाऊकच होतं की! आपल्याला ते पत्रातल्या माणसांवरून ठरवावं लागतं.

दख्खनचा फसली (महसुली) सन आला तर त्यातून ९ वजा करायचे की सुहूर मिळतो. राज्याभिषेक शक असेल तर सुरुवात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीची, १६७४.

कोष्टकाने वर्ष मिळतं, दिवस मिळत नाही. दिवसासाठी जंत्री (दिवसागणिक तारखांचा मेळ दाखवणारं पुस्तक) लागते. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री १७२८पासून पुढे चालते, त्याआधीच्या तारखांना स्वामीकन्नू पिल्लई यांचं ‘इंडियन एफिमेरिस’. दोन्ही संदर्भ कपाटात आहेत आणि दोन्हींवर गेली कित्येक वर्षं कुणाची सही नाही. ग. ह. खरे यांचा ‘संशोधकाचा मित्र’ही त्यांच्या शेजारीच, तोही न हललेला. तिन्ही आता वाचनकक्षातल्या खुल्या टेबलावर ठेवलेत, साखळी न लावता.

१६ जुलै

मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ची आवृत्ती) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया कोशसंग्रहात ऑनलाइन शोधता येतो, त्याची खूण सगळ्या संगणकांवर ठेवली. फार्सी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा कोश, दफ्तरी शब्दांसाठी य. न. केळकरांचा ऐतिहासिक शब्दकोश.

२२ जुलै

आज नेटवरच्या प्रतींचा दिवस. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. पण नावं रोमनमध्ये, आणि अशा लिप्यंतरात की प्रत्येक दीर्घ स्वर दोनदा आणि प्रत्येक अनुस्वारापाशी एक स्वल्पविरामासारखं चिन्ह. ‘मराठ्यांच्या’ हा एकच शब्द किती तऱ्हांनी लिहिलेला सापडला त्याला गणती नाही. कुठे लेखकाच्या जागी ‘नॉट अव्हेलेबल’, कुठे दुसऱ्या खंडाला चौथ्याचं नाव. म्हणून सूचीत प्रत्येक खंडाचा पत्ता उघडून, मुखपृष्ठ डोळ्यांनी पाहूनच टाकायचा, असा नियम केला. शोधपेटीच्या भरवशावर सोडायचं नाही.

पुस्तकाच्या आत शोधणं ही आणखी एक कटकट. मशीनने वाचलेला जुना मराठी मजकूर मुळात कच्चा, त्यात जुनं शुद्धलेखन. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकात ‘पुण्यात’ टाकलंत तर काही सापडणार नाही, ‘पुण्यांत’ टाका. ‘नाही’ नव्हे ‘नाहीं’, ‘गाव’ नव्हे ‘गांव’. मुलांना अनुस्वार द्यायला सांगितलं की ती हसतात, पण निकाल समोर आले की गप्प बसतात.

शोधगंगेवरच्या मराठी प्रबंधांचा रोग वेगळा. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, त्यामुळे स्क्रीनवर सुंदर मराठी आणि कॉपी केलं की रोमन अक्षरांचा कचरा. आतला शब्द शोधण्याची आशाच सोडायची. प्रकरणांच्या फाइल्स उघडून अनुक्रमणिका वाचायची, दुसरा इलाज नाही.

१ ऑगस्ट

तरुण सर आले, मुंबईला जायची तयारी करायला. दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

पुराभिलेखागारात जाऊन ‘प्रतिसरकारवर काय आहे?’ असं विचारायचं नाही, हे पहिलं. तिथे फाइल क्रमांक लागतो. तो कुठून आणायचा? आधीच्या संशोधकांच्या तळटीपांमधून. शोधगंगेवर प्रबंध वाचायला कमी लोक जातात, पण त्याच्या तळटीपा हा ऐवज आहे. गृह खात्याच्या (विशेष) फाइलींचे क्रमांक वर्षासकट तिथे पडलेले असतात. सरांनी आणि मी समोरासमोर बसून तळटीपा उतरवून काढल्या, ज्या फाइलचा उल्लेख दोन वेगवेगळ्या प्रबंधांत आला तिच्यापुढे खूण केली. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत (पुराभिलेखागार तिथेच आहे) पोचल्यावर पहिल्या दिवशी मागणीपत्रं भरून द्यायला एवढं पुरे.

दुसरं, जिल्ह्याचं नाव. कुंडल, येडे मच्छिंद्र ही गावं आज सांगली जिल्ह्यात. १९४३ साली सातारा जिल्ह्यात होती. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६०मध्ये त्याचं सांगली झालं. तेव्हा शेणोलीला लुटलेल्या पगारगाडीची (७ जून १९४३) सरकारी फाइल ‘सातारा’खाली बघायची, पन्नाशीच्या दशकातले स्वातंत्र्यसैनिकांचे कागद ‘दक्षिण सातारा’खाली आणि नंतर छापलेल्या आठवणी ‘सांगली’खाली. आमच्याच कपाटात या विषयाची पुस्तकं तीन जागी विखुरली होती. आता ओपॅकवर तिन्ही नावांवरून एकमेकांकडे जाता येतं. ‘पत्री सरकार’ आणि ‘प्रतिसरकार’ यांचीही तशीच गाठ मारून दिली.

सर म्हणाले, गावोगावच्या म्हाताऱ्यांशी बोलून केलेल्या ध्वनिफिती त्यांच्याकडे फोनमध्ये आहेत. फोनमध्ये! त्याच बैठकीत दोन ठिकाणी प्रती काढल्या. बोलणाऱ्याची लेखी संमती, तारीख, गाव हे प्रत्येक फितीबरोबर ठेवायचा तक्ता करून दिला.

१२ ऑगस्ट

मॅडमसाठी पहिलं ‘साधनपत्र’ तयार. विषय १८७५चे दख्खनचे दंगे. एका पानावर तीन उतारे : दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालातला, पुण्याच्या गॅझेटिअरमधला आणि जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधला (१८८३). मागच्या बाजूला अवघड शब्द आणि प्रश्न.

१२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि सावकारांच्या वह्या, ते घेऊन जाळायला. आयोगाचा उतारा हे कर्जाच्या हिशेबाने सांगतो, कारण त्याला सरकारला उत्तर द्यायचं होतं, आणि त्याच वाटेने पुढे १८७९चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. असूडात शेतकरी नागवला जातो तो सावकाराकडून तर आहेच, पण भटकामगारांकडून (ब्राह्मण सरकारी नोकरांकडून) आणि सरकारी खात्यांकडूनही. तिन्ही शेजारी ठेवले की मॅडमना वेगळं भाषण करावं लागत नाही.

चौथा उतारा वर्तमानपत्रातला घ्यावा असं मॅडमचं मत होतं. त्या काळच्या देशी वृत्तपत्रांचे इंग्रजी गोषवारे सरकार दर आठवड्याला काढत असे, ते वापरू म्हणाल्या. मी अडवलं. तो सरकारी भाषांतरकाराने सरकारला ऐकवण्यासाठी निवडलेला भाग, मूळ पत्रात त्याच्या वरखाली काय होतं ते त्यात दिसत नाही. मूळ अंक मिळेपर्यंत तीनच उतारे. वाद झाला, चहा झाला, तीनवर मिटलं.

२१ ऑगस्ट

कॉलेजच्या ड्राइव्हवर काय चढवायचं आणि काय नाही, याचा निकाल लावला. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. राजवाडे १९२६ला गेले, प्रश्नच नाही. सरदेसाई १९५९ला गेले, म्हणजे २०१९च्या अखेरीस त्यांच्या ‘मराठी रियासत’चे मूळ खंड मोकळे झाले. सरकारी प्रकाशनांना प्रकाशनापासून ६० वर्षं, तेव्हा पेशवे दफ्तर कधीच मोकळं. खरे १९८५ला गेले, त्यांचं पुस्तक २०४५पर्यंत टेबलावरच वाचायचं. नव्याने लिहिलेली प्रस्तावना किंवा टिपा असलेली आवृत्ती असेल तर तो भाग वेगळा धरायचा. एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘सगळेच तर टेलिग्रामवर टाकतात.’ टाकोत. कॉलेजचा शिक्का मारून आपण टाकायचं नाही.

२८ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. काही नाही.

९ सप्टेंबर

दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे फील्ड प्रोजेक्ट सुरू झाले. घरातले जुने कागद आणा, असं सरांनी सांगितलं होतं. एक मुलगा पणजोबांच्या काळचं मोडीतलं खरेदीखत घेऊन आला, कडक लॅमिनेशन केलेलं. “खराब होऊ नये म्हणून काल करून घेतलं मॅडम.” प्लास्टिकच्या आत घडीच्या रेघेवर कागद तुटून दोन तुकडे जरा अंतरावर चिकटलेले, आणि त्या फटीत नेमकी साक्षीदारांची नावं. आता ते उलगडता येत नाही. गरम रोलरखालून गेलेला कागद परत मिळत नाही. पोराचा चेहरा उतरला, त्याला काय बोलणार. आहे त्या स्थितीत चांगले फोटो काढून दिले.

लगेच अर्ध्या पानाची सूचना काढली आणि वर्गाच्या गटावर टाकली : लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, रबरबँड नाही, स्टेपल नाही. घडी जबरदस्तीने उलगडायची नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी पट्टी ठेवून फोटो, मागच्या बाजूचाही (शेरे बहुतेकदा तिथेच असतात). मग धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवायचा. आपल्या पूर्वजांनी रुमालात दफ्तर बांधलं ते उगाच नाही. आणि जमिनीचा कागद असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही चढवायचा नाही, भाऊबंदकीचा दावा चालू असू शकतो.

मोडी वाचायला आमच्याकडे विभागप्रमुख सर एकटेच. त्यांनी शनिवारी तास घ्यायचं कबूल केलंय. मोडी युनिकोडमध्ये २०१४ला आली, पण फॉन्टमधली मोडी आणि चिटणिसाच्या हातची मोडी यांची ओळख फक्त नावापुरती, असं त्यांचं म्हणणं. सराव हस्तलिखितावरच करायचा.

१८ सप्टेंबर

सूचीची पहिली प्रत छापून तिघांना दिली, कडेला लिहायला जागा सोडून. नॅकची यादीही प्राचार्यांना दिली, लोगोंसह.

२६ सप्टेंबर

प्रती परत आल्या. मॅडमनी आणखी दोन साधनपत्रं मागितलीत. तरुण सर मुंबईहून आले. मागितलेल्या फाइलींपैकी काही मिळाल्या, काही ‘जागेवर नाही’ असा शेरा घेऊन परत. मिळालेल्यांच्या पुढे त्यांनी पेनने पानांची संख्या लिहिलीय, ती सूचीत घेणार.

विभागप्रमुख सरांच्या प्रतीत एकच प्रश्न, लाल शाईत. पोर्तुगीजांशी झालेल्या वसईच्या तहाची तारीख एका पुस्तकात ५ मे १७३९ आणि दुसऱ्यात १६ मे, मुलं छपाईची चूक म्हणतात, कोष्टकात हे कुठेच नाही. बरोबर आहे, नाही. दोन्ही तारखा खऱ्या. पोर्तुगीजांनी १५८२लाच नवी (ग्रेगोरियन) दिनगणना घेतली, इंग्रज १७५२पर्यंत जुन्यावर (ज्युलियन) होते, त्या वर्षी फरक ११ दिवसांचा. इंग्रजी दफ्तरावरून लिहिणारा पाच म्हणतो, पोर्तुगीज कागदांवरून लिहिणारा सोळा. सतराव्या शतकात हाच फरक १० दिवसांचा. कोष्टकाला चौथा रकाना जोडला.

मग गोव्याचा विषय निघाला. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ची, इतिहासकार दियोगु दु कोतुपासून. तिथल्या कागदांत मराठ्यांबद्दल भरपूर, पण आमच्यात पोर्तुगीज कुणालाच येत नाही. तूर्त पांडुरंग पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’वर काम चालवायचं, त्यातल्या तळटीपांचे क्रमांक तरुण सरांच्या पद्धतीने उतरवून. आमची प्रत कण्यातून सुटलीय, मामांनी आजच बाइंडिंगला दिली. दिवाळीनंतर मिळेल.